दुसरं बोकड

मी मटण सोडल्याचं कॉलेजातल्या मैत्रिणींना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, माळ घातलीस का? मी नाही म्हटलं. मग कुणाचा उपास धरलास? तेही नाही. पित्त होतं असं काहीतरी सांगून मी विषय बदलला. खरं कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही. शिवाय ते सांगायचं तर घरातलं बाहेर काढावं लागतं, आणि आमच्याकडं घरातलं बाहेर काढणाऱ्या मुलीला कुणी चांगलं म्हणत नाही. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून लिहून बघते. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आईवडील गावाकडं असतात. वडील दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात. गावातली शाळा बारावीला संपते, म्हणून पुढच्या शिक्षणाला मला उमरग्यात दादाकडं ठेवलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो हायवेवरच्या कमानपाट्याच्या दुकानात कामाला आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर जाणाऱ्या ट्रकांच्या चाकांवरचे पोलादी पाटे तुटतात, खचतात. ते उतरवायचे, भट्टीत लाल करून घणानं बाक आणायचा आणि परत बसवायचे, हे त्याचं काम. पगार दर शनिवारी. वहिनी माझ्याहून थोडीशीच मोठी आहे. ती बाजारातल्या एका बाईच्या मशीनवर साड्यांना फॉल-पिको करायची. मशीन त्या बाईचं, म्हणून निम्मे पैसे त्या बाईचे. पत्र्याच्या दोन खोल्या, त्यात हे दोघं, त्यांचं तान्हं पोरगं आणि मी.

पहिलं कर्ज त्या पोरासाठी झालं. ते दिवस भरायच्या आधीच जन्मलं. दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. त्या कर्जाबद्दल मला कधी काही वाटलं नाही. पोरगं रांगताना बघितलं की ते पैसे कुठं गेले ते डोळ्यांनी दिसायचं.

दुसरं कर्ज मात्र बारशाचं. वहिनीच्या मनात घरातल्या घरात पाळणा हलवायचा होता. पण आमचे थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते गावाहून आले आणि खाटेवर बसून म्हणाले की भावकीतला पहिला नातू आणि लोकांना नुसत्या चहावर लावता का. तात्यांपुढं आमचे वडीलसुद्धा मान वर करत नाहीत. मग मांडव आला, आचारी आला, भावकीतल्या बायकांना साड्या आल्या. त्या साड्यांना फॉल लावायला वहिनीच बसली होती, ओली बाळंतीण. जेवणं झाल्यावर मागच्या बोळात पत्रावळींचा ढीग पडला. त्यात अर्धी अर्धी खाल्लेली बुंदी होती. डुकरं दोन दिवस तिथून हलली नाहीत. त्या बुंदीचे हप्ते आम्ही पुढं वर्षभर भरत होतो.

आणि तिसरं कर्ज आधीच्या दोन्हींचे हप्ते भरायला.

हे पैसे देणारे फायनान्सवाले पुरुषांना देत नाहीत. बायकांचा गट करतात. प्रत्येकीचा फोटो, प्रत्येकीची सही, आणि एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा. दर आठवड्याला गटप्रमुख बाईच्या अंगणात बैठक असायची. कॉलेजला सुट्टी असली की पोराला सांभाळायला मी वहिनीबरोबर जायचे. बायका खाली सतरंजीवर ओळीनं बसायच्या. वसुलीला येणारा माणूस प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा. बूट काढून पाय पुढं पसरायचा. त्याच्या मोज्यांचा वास पहिल्या ओळीपर्यंत यायचा आणि पहिल्या ओळीतल्या बाईला तोंड फिरवता यायचं नाही, कारण ती त्याच्यासमोर बसलेली. जिभेला अंगठा लावून तो नोटा मोजायचा आणि त्याच अंगठ्यानं पोरांचे गाल ओढायचा. एकदा त्यानं आमच्या पोराकडं हात केला तेव्हा मी पोराला घेऊन मागं सरकले. तो हसला. म्हणाला, "कॉलेजची दिसतीया."

सगळ्यात वाईट म्हणजे एकीचे पैसे कमी पडले तर कुणालाच उठू द्यायचे नाहीत. ऊन चढायचं, पोरं रडायची, कुणाचा कामाचा खाडा व्हायचा. तो माणूस काहीच बोलायचा नाही, मोबाइल बघत बसायचा. बोलायच्या त्या बायकाच. ज्या बाईचे पैसे कमी, तिच्या नवऱ्याच्या दारूपासून तिच्या नाकातल्या चमकीपर्यंत सगळं निघायचं. काम त्याचं आणि तोंडं आमची खराब, असं मला वाटायचं. एकदा वहिनीसुद्धा अशा एका बाईला वाटेल तसं बोलली. घरी येताना ती रस्त्यानं माझ्या पुढं पुढं चालत राहिली.

पुढं आमची पाळी आली. दादानं मालकाकडून उचल घेतली होती, म्हणजे पुढच्या पगारातले पैसे आधीच. त्यामुळं त्या शनिवारी हातात जवळजवळ काहीच आलं नाही. वहिनी बैठकीला गेलीच नाही. दुपारी गटातल्या सगळ्या बायका आमच्या दारात येऊन बसल्या. पैसे मिळेपर्यंत उठायचं नाही, असं त्यांना सांगून पाठवलं होतं. शेजारचे लोक दारांत आले. वहिनी आत गेली आणि तिनं चहा ठेवला. दारात आलेल्या बाईला चहा विचारायचा असतो, मग ती कशालाही आलेली असो. घरात पोरापुरतं दूध होतं, तेच तिनं घातलं. बायकांनी तो चहा घेतला. एकीनं फुरकन पिऊन सांगितलं, "साकर लई कमी पडलीया बाई. का तीबी उसनीच हाय?" दुसऱ्या हसल्या. हसता हसता त्यांनी बशा चाटूनपुसून खाली ठेवल्या. त्या बशा मी राखेनं दोन दोनदा घासल्या. शेवटी वहिनीनं कानातली फुलं काढून दिली. दोघीजणी ती सराफाकडं गहाण ठेवून पैसे घेऊन आल्या, तेव्हा कुठं सगळ्या उठल्या.

त्या शनिवारनंतर आम्ही तिघं एकदा बसलो. कॉलेजात आम्हाला कौटुंबिक अंदाजपत्रक हा धडा होता. मी भीत भीत म्हटलं, आलेल्या पैशाचे आधीच वाटे केले तर? दादा म्हणाला, आधी पैसं येऊ तर दे. वहिनीनं मात्र माळ्यावरून जुना मसाल्याचा डबा काढला. झाकण पिचलेलं होतं म्हणून तो वापरात नव्हता. त्यातल्या कडेच्या वाट्यांना आम्ही नावं दिली: भाडं, किराणा, गॅस, दूध, दवाखाना, माझं कॉलेज. मधली वाटी हप्त्याची. शनिवारी पगार आला की दादानं तो खाटेवर ठेवायचा, वहिनीनं वाट्यांत घालायचा आणि मी बघायचं. एका वाटीतलं दुसरीत न्यायचं तर तिघांनी हो म्हणायचं. मधल्या वाटीला कुणीच हात लावायचा नाही.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण मधली वाटी भरायची तर बाकीच्या खरवडाव्या लागतात. दादाच्या गुटख्याचा विषय मीच काढला, कारण वहिनीला तो काढता आला नसता. मोरीच्या कोपऱ्यात त्याच्या पिचकाऱ्यांचा तांबडा थर बसला होता. कितीही घासला तरी ओला झाला की वास मारायचा. मी म्हटलं, दादा, दुधाच्या वाटीपेक्षा तुझ्या पुड्यांना जास्त लागतात. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. भट्टीपुढं तोंडात काही नसलं की हात चालत नाही, असं वहिनीला सांगायचा. मग कमी केला. मालकाची उचल बंद केली. मी गल्लीतल्या पोरांची शिकवणी सुरू केली. वहिनीनं लग्नसराईत इतके फॉल लावले की तिच्या बोटांची टोकं सुयांनी काळी पडली. भावकीतल्या लग्नांना आम्ही जाणंच सोडलं. कुणी विचारलं तर पोरगं आजारी, असं सांगायचं. इतक्या वेळा सांगितलं की गावाकडं त्याची तब्येत खरंच नाजूक आहे असं सगळ्यांना वाटायला लागलं.

डब्याला हळदीचा वास होताच. तो नोटांना लागला. वसुलीचा माणूस नोट नाकाशी धरून म्हणायचा, "वहिनी, फोडणी देऊन आणता काय?" वहिनी सहीसाठी कार्ड पुढं सरकवायची. हप्ता पुरा असायचा.

असं करत करत एका बैठकीला आमचा शेवटचा हप्ता गेला. वहिनी घरी आली, डबा पुसून परत जागेवर ठेवला आणि म्हणाली की आता मधल्या वाटीत पिकोच्या मशीनचे पैसे टाकायचे. स्वतःचं मशीन. निम्मे कुणाला द्यायचे नाहीत. हे ती पहिल्यांदाच बोलत होती, पण तिनं ते खूप दिवसांपासून ठरवलेलं असणार. मशीन कुठल्या खिडकीखाली बसेल तेसुद्धा तिला माहीत होतं.

दादा खाटेच्या कडेला बसून नखांतली काजळी काढत होता. मग त्यानं सांगितलं. हप्ते थकले होते त्या दिवसांत तो कामावरच्या एकाबरोबर नळदुर्गच्या बाजूला माळावरच्या दर्ग्याला गेला होता. तिथं त्यानं नवस बोलला होता, की सगळं कर्ज फिटू दे, कंदुरी करीन.

बाहेरच्या वाचकांना कंदुरी माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्या भागात हिंदू, मुसलमान सगळेच करतात. दर्ग्याला बोकड द्यायचं, मुलाणी ते कापतो, तिथंच मोठ्या पातेल्यात शिजवायचं, आधी मलिद्याचा निवद दाखवायचा आणि सगळ्या भावकीला, ओळखीपाळखीच्या लोकांना जेवू घालायचं. आमच्या भावकीत त्यातलं काहीही घरी आणत नाहीत. तिथलं तिथंच संपवायचं.

मी आधी हसले. वाटलं, दादा चेष्टा करतोय. वहिनीनं मात्र लगेच विचारलं, किती लोक. दादा म्हणाला, भावकी आली म्हणजे बघ. आणि वसुलीचा माणूस काल दुकानावर आला होता. रेकॉर्ड चांगलं झालंय, आता पहिल्यापेक्षा मोठं कर्ज लगेच मिळतंय, असं सांगत होता.

वहिनीनं पोराला मांडीवर घेतलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "कर्ज काढून बाबाला सांगायचं का, माजं कर्ज फिटलं म्हणून?"

दादा म्हणाला, "नवस हाय त्यो. चेष्टा न्हाय."

"म्हूनच म्हणते. फोटो माजा लागतोय, सही माजी लागतीया. म्या करनार न्हाय. बोकड हुईल, पर रोख."

त्यावर दोघांचं ठरलं. मधली वाटी बोकडाची झाली. मशीन पुढं ढकललं गेलं. वहिनीचा नवसावर विश्वास होता, हे मला सांगायला हवं. तिला बोकड नको नव्हतं. तिला उधार नको होतं. मला मात्र त्या वाटीकडं बघवायचं नाही. दर शनिवारी तिच्या काळ्या पडलेल्या बोटांतून नोटा तिथं पडायच्या आणि मला त्या कुणाच्या तरी तोंडात जाताना दिसायच्या.

बोकडापुरते पैसे जमल्यावर दादानं गावाकडं निरोप दिला. दुसऱ्याच दिवशी तात्या आले. खाटेवर मांडी घालून त्यांनी सगळं विचारून घेतलं: बोकड केवढं, तांदूळ किती, आचारी कोण. मग म्हणाले की एका बोकडात भावकीचं काय होतंय, दोन तरी पाहिजेत. दादानं खाली बघत सांगितलं की एकच जमतंय, आणि लोकही मोजकेच बोलवायचे आहेत. तात्यांनी डोळे मिटून मान हलवली. म्हणाले, ठीक आहे, तुझी कंदुरी, तुझी ऐपत. जाताना त्यांनी पोराच्या हातावर दहाची नोट ठेवली. मला वाटलं, बरं झालं, समजून घेतलं.

कंदुरीच्या दिवशी आम्ही सकाळी लवकर माळावर पोचलो. दर्गा लहान आहे, चुन्यानं रंगवलेला. भोवती मुरूम आणि बाभळी, एका बाजूला दोन मोठे कडुलिंब. एका लिंबाखाली आमचं पातेलं चढलं. दादानं नवा पांढरा शर्ट घातला होता. बोलावलेले लोक आले, आणि मग न बोलावलेले यायला लागले. तात्यांनी भाड्याचा टेम्पो भरून माणसं आणली होती. त्यातल्या निम्म्यांची आमची ओळखही नव्हती. तात्यांच्या सुनेचे माहेरचे, तात्यांच्या व्याह्याचे भाऊ, असे. टेम्पोतून शेवटी एक बोकडही उतरलं, तपकिरी कानांचं. त्याला दुसऱ्या लिंबाला बांधलं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची तरी कंदुरी असेल. ते पाला खात होतं. आमचं पोरगं त्याला बघून टाळ्या पिटत होतं.

पहिली पंगत पुरुषांची. इथून पुढचं मला अजूनही कधी कधी जेवताना आठवतं आणि मी ताट सरकवते. मी वाढायला होते. पुरुष भाकरी कुस्करून त्यावर रस्सा ओतून घ्यायचे, आणि लगेच हात वर, मटण आणा. नळ्या फोडण्याचे आवाज. कोपरापर्यंत ओघळलेलं तेल. तात्या ओळीच्या तोंडाशी बसले होते आणि वाढणाऱ्या पोरांना नुसत्या बोटानं दाखवत होते, ह्याला घाल, त्याला घाल. त्यांच्या पत्रावळीभोवती चघळलेल्या हाडांचा गोल झाला होता. कुत्री तिथपर्यंत आली तरी त्यांना हाकलायला कुणाचा हात मोकळा नव्हता. उन्हात सांडलेला रस्सा थिजून त्यावर पांढरी साय धरली होती आणि तिच्यावर माश्या बसल्या होत्या. एक म्हातारा जेवता जेवता बाजूला वळून चूळ टाकत होता आणि परत जेवत होता. ह्यातल्या कुणीही आमच्या दारात बायका बसल्या त्या दिवशी आलं नव्हतं. कुणीही फोन केला नव्हता. आणि आता सगळे एकमेकांना सांगत होते, की पोरानं नाव काढलं.

पंगत उठली तेव्हा पातेल्यात तळाला रस्सा होता, त्यात थोडी हाडं. बायका आणि लहान पोरं अजून जेवायची होती. पुरुष लिंबाच्या सावलीला आडवे झाले. कुणी बाभळीचा काटा मोडून दात कोरत होतं.

तात्या हात न धुताच दादाजवळ आले. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "बायका ऱ्हायल्यात की रं."

दादा पातेल्याकडं बघत होता.

"काळजी करू नगंस. म्या आणलंय. लागलं तर असावं, म्हून." त्यांनी मानेनं दुसऱ्या लिंबाकडं दाखवलं. "पैशाचं मागनं बघू. घरच्याकडनं काय जास्त याज घिऊ का म्या?"

मला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. ठीक आहे म्हणून उठून गेलेला माणूस घरून बोकड घेऊन आला होता, आणि त्या बोकडाची गरज पडावी म्हणून टेम्पो भरून माणसंही त्यानंच आणली होती. त्या माणसांना बोटानं दाखवून दाखवून पातेलं रिकामं केलं होतं. आता राहिलेल्या बायकांच्या नावानं त्याला ते विकायचं होतं, उधारीवर, व्याजानं, देवाच्या दारात. मुलाणी सुरी पुसत जवळ येऊन उभा राहिला होता. माझे वडील तिथंच होते. ते पायानं मुरूम उकरत होते.

दादानं भावकीकडं बघितलं. सगळे बघत होते. तो म्हणाला, "बरं, तात्या."

वहिनी बायकांमध्ये बसली होती. ती पोराला कडेवर घेऊन उठली, डोईवरचा पदर पुढं ओढला आणि पुरुषांच्या सावलीत येऊन उभी राहिली.

"मामंजी, त्ये बोकड परत गाडीत घाला."

तात्यांनी तिच्याकडं न बघता दादाला सांगितलं, "बायकांनी मदी बोलायचं नसतंय, सांग तिला."

"हप्ता भरताना म्याच बोलत असते मामंजी. आताच कशाला गप बसू?"

कुणीतरी खाकरलं. तात्या आता तिच्याकडं वळले. आवाज मऊ केला. "पोरी, बाबाच्या दारातनं बायका उपाशी जात्याल. पाप कुणाच्या माथी?"

"कुणी उपाशी जानार न्हाय. रश्श्यात पानी घालते म्या."

ती वळली आणि तिनं खरंच पाणी घातलं. पिण्याच्या पाण्याची कळशी उचलून पातेल्यात रिकामी केली. मग तिखट, मीठ, उरलेलं वाटण. मला म्हणाली, ताई, जाळ कर. मी लाकडं सारली. दादा तसाच उभा होता, खांद्यावर तेलाची पाच बोटं घेऊन.

उकळी आल्यावर बायकांची पंगत बसली. मला वाटलं होतं, निदान बायका तरी काही बोलणार नाहीत. कारण मटण खाल्लं होतं ते त्यांच्या नवऱ्यांनी, आणि राहिल्या होत्या त्या त्याच. पण टेम्पोतून आलेल्यांपैकी एक पत्रावळीवरचा रस्सा बोटानं फिरवत म्हणाली, "ह्यातनं बोकड नुस्तं पवून गेलंय जणू." पंगत हसली. पलीकडच्या सावलीतले पुरुषही हसले. तात्या सगळ्यांत मोठ्यानं. वहिनी वाढत राहिली. प्रत्येकीला विचारून, दोनदा वाढलं. पाणी भरपूर होतं.

सगळ्यांत शेवटी आम्ही दोघी बसलो. माझ्या पत्रावळीवर एक हाड आलं. त्याच्याकडं बघितलं आणि सावलीतले ते सगळे तोंड पुसणारे लोक दिसले. मला ते गिळता आलं नाही. तेव्हापासून नाही.

संध्याकाळी तात्यांचा टेम्पो निघाला. ते तपकिरी कानांचं बोकड माणसांच्या पायांत उभं होतं. गावापर्यंत पोचायच्या आधीच ही गोष्ट पोचली. आमच्या कंदुरीला आता पाण्याची कंदुरी म्हणतात. आईनं फोन करून मला सांगितलं की बाजारात बायका तिला विचारतात, सून कुठली केली म्हणून. आईला वाईट वाटलं होतं. मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू. वहिनीनं केलं ते बरोबर होतं हे कळत होतं, तरी लाज वाटतच होती. ती लाज कुणी आणि कधी आमच्या अंगात घातली, कोण जाणे. तिचीही मला आता किळस येते.

दादा वहिनीशी बरेच दिवस बोलला नाही. पुड्या परत वाढल्या. मोरीचा कोपरा परत लाल झाला आणि मी परत नाक दाबून घासायला लागले. वहिनीनं तो पांढरा शर्ट कशाकशानं धुतला, पण खांद्यावरचा डाग गेला नाही. दादा मात्र दर शनिवारी पगार खाटेवर ठेवत होता. त्यानं एकदाही उचल घेतली नाही. वाट्या भरायच्या वेळी तो बाहेर जाऊन उभा राहायचा, पण आत कान असायचा.

मशीन जुनंच मिळालं, सोलापूरहून. दुकान बंद करणाऱ्या एका शिंप्याकडचं. रोख. ते खिडकीखाली बसलं, वहिनीनं ठरवलं होतं तिथंच. त्याचं तेल पुसायला तिनं दादाचा तो शर्ट फाडला. दादानं बघितलं.

मागच्या महिन्यात तात्यांचा फोन आला. त्यांच्या नातवाचं जावळ आहे, मोठं जेवण आहे, सगळ्या भावकीनं पोराला चांदीचे वाळे घालायचं ठरवलंय. तुझ्या वाटणीचे किती ते त्यांनीच सांगितलं. आता नसतील तर मी घालतो, मागनं दे, असंही म्हणाले. दादानं फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण त्याचे हात काळे होते. वहिनीनं मशीन थांबवलं नाही. मी पुस्तक हातात धरून बसले होते आणि त्याच त्या ओळीवरून बोट फिरवत होते, कारण दादा तात्यांना काय म्हणतो ते मला माहीत होतं.

दादानं मशीनच्या चाकाकडं बघितलं.

"तात्या," तो म्हणाला, "घरात इचारून सांगतो."